अमेरिकेतील घरशाळा आणि हातांनी दिले जाणारे धर्मशिक्षण

मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेतील ‘जोआन’ या दुकानसाखळीने आपली उरलीसुरली दालने कायमची बंद केली. १९४३ साली ओहायो राज्यात सुरू झालेली ही कंपनी कापड, लोकर, मणी, फेल्ट, रंगीत कागद अशा हस्तकलेच्या साहित्यासाठी घराघरांत ठाऊक होती. तिची सुमारे ८०० दुकाने देशभर पसरलेली होती. एका वर्षाच्या आत दोनदा दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी तिच्यावर आली आणि दुसऱ्या खेपेस दुकाने चालू ठेवणारा खरेदीदार मिळाला नाही.

धर्मप्रांताच्या वृत्तपानावर परदेशातील एका कापडदुकानाचा मृत्युलेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल, आणि तो रास्तच आहे. परंतु ज्या ग्राहकांना या दुकानांची उणीव प्रकर्षाने जाणवली, त्यांत मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती मातांचा वर्ग मोठा आहे. इंग्रजीत ज्याला ‘होमस्कूलिंग’ म्हणतात, त्याला आम्ही येथे ‘घरशाळा’ म्हणणार आहोत. या घरशाळांत बायबलचा पाठ, संतांची चरित्रे, उपासनावर्षातील सण हे सारे केवळ पुस्तकातून शिकवले जात नाही. कात्री, डिंक, पीठ, दोरा आणि लाकडाचे तुकडे यांच्या साहाय्याने ते मुलांच्या हातांतून काढून घेतले जाते. ते स्वस्तात कसे करावे हा तेथील मातांच्या गप्पांचा नित्याचा विषय असतो. या साध्या वाटणाऱ्या विषयामागे श्रद्धेचा, पैशाचा आणि कुटुंबाचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घरशाळांविषयी थोडेसे. आपल्याकडे ही कल्पना विरळा असली तरी अमेरिकेत ती आता नवलाची राहिलेली नाही. कोविडच्या काळात तेथील जनगणना विभागाने केलेल्या पाहणीत, शालेय वयाची मुले असलेल्या कुटुंबांपैकी घरशाळा चालवणाऱ्यांचे प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होते, ते त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ११.१ टक्क्यांवर गेले. साथ ओसरल्यावर बरीच मुले शाळेत परतली. २०२२-२३ च्या शासकीय पाहणीनुसार ३.४ टक्के विद्यार्थी घरशाळेत होते. हे दोन आकडे एकाच मोजपट्टीने मोजलेले नाहीत, एक कुटुंबांचा आहे व दुसरा मुलांचा, म्हणून त्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य ठरणार नाही. तरीही लक्षावधी मुलांचा हा प्रश्न आहे एवढे त्यांतून निश्चित दिसते. २०१९ सालच्या शासकीय पाहणीत पालकांनी दिलेली कारणे बोलकी आहेत. शाळेतील वातावरणाची, सुरक्षिततेची, व्यसनांची आणि वाईट संगतीची चिंता हे कारण ८० टक्के पालकांनी सांगितले. मुलांना धार्मिक शिक्षण देता यावे हे कारण ५९ टक्क्यांनी. म्हणजे भीती पुढे आहे आणि श्रद्धा तिच्या मागोमाग आहे. हे आम्ही दोष म्हणून नोंदवत नाही, परंतु ते विसरूनही चालणार नाही.

कॅथलिक ख्रिस्तसभेचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १९२२ साली ओरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा केला. कॅथलिकद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनचा त्याला पाठिंबा होता. शाळा चालवणाऱ्या धर्मभगिनींच्या एका संघाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरवला. मूल ही राज्याची मालमत्ता नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. अकरावे पायस या परमपूज्य पित्यांनी १९२९ सालच्या शिक्षणविषयक परिपत्रात या निकालाचा आवर्जून उल्लेख केला. आईवडील हे मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये पुन्हा सांगितले आणि तेच श्रद्धाग्रंथातही आले. शाळा चालवण्यासाठी लढलेल्या धर्मभगिनींचा निकाल पुढे शाळाच नको म्हणणाऱ्या पालकांच्या कामी आला, हा इतिहासाचा एक गमतीदार फेरा म्हणावा लागेल. १९९३ पर्यंत अमेरिकेतील पन्नासही राज्यांत घरशाळा कायदेशीर ठरली होती.

आता पैशाचा मुद्दा. घरशाळा चालवणाऱ्या घरात बहुधा आई नोकरी सोडते. एका पगारात चार-पाच मुलांचे घर चालते. अशा घराला तयार साहित्याचे महागडे संच परवडत नाहीत. म्हणून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, न्याहारीच्या पदार्थांची रिकामी खोकी, कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे, जुनी बटणे, आईस्क्रीमच्या काड्या हे तेथील मातांचे भांडवल असते. खारट कणकेचा प्रयोग तर प्रत्येक घरात झालेला असतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि जेमतेम एक वाटी पाणी यांचा घट्ट गोळा मळायचा, त्यातून मेंढरे, मागी राजे, करूब घडवायचे आणि भट्टीच्या मंद आचेवर दोन-तीन तास वाळवायचे. (आपल्या किनाऱ्यावर हा प्रयोग करणाऱ्यांना एक सूचना : मीठ हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे वार्निशचा हात दिला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात मागी राजे नरम पडतात.)

आम्हाला विशेष भावलेली एक पद्धत तेथील कॅथलिक कुटुंबांची आहे. बाजारात बोटभर उंचीच्या साध्या लाकडी बाहुल्या स्वस्तात मिळतात. त्यांना ना चेहरा असतो, ना हातपाय. दहा कुटुंबे एकत्र येऊन दहा संत वाटून घेतात. एक कुटुंब संत फ्रान्सिस असिसीकर रंगवते, दुसरे संत तेरेजा, तिसरे संत पॅट्रिक. प्रत्येक कुटुंब आपल्या वाट्याच्या संताच्या दहा बाहुल्या करते. मग ठरलेल्या दिवशी सारी जमतात आणि अदलाबदल होते. प्रत्येकाच्या घरी दहा संत जातात. संत तेरेजांच्या हातात गुलाब का, संत फ्रान्सिसच्या दोरीला तीन गाठी का, हे प्रश्न मुलाला दहादा रंगवताना आपोआप पडतात. ज्या मुलाने एकच बाहुली दहा वेळा रंगवली, त्याला त्या संताविषयी परीक्षा घेण्याची गरज उरत नाही.

२०२५ साली या काटकसरीच्या संसारावर आणखी एक संकट आले. अमेरिकन शासनाने चिनी मालावरील आयातशुल्क एप्रिल महिन्यात १४५ टक्क्यांपर्यंत चढवले. मे महिन्यात ते ३० टक्क्यांवर उतरले. परदेशातून थेट घरी येणाऱ्या लहान किमतीच्या पुडक्यांना मिळणारी करमाफीही त्याच वर्षी संपली, चीनपुरती मे महिन्यात आणि इतर देशांसाठी ऑगस्टच्या अखेरीस. मणी, फेल्ट, प्लास्टिकचे डोळे, चकाकणारा कागद, नाताळची जवळजवळ सारी स्वस्त सजावट चीनमधून येते. या शुल्काविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत इलिनॉय राज्यातील, मुलांना हाताळून शिकण्याची खेळणी बनवणारी एक कौटुंबिक कंपनी होती. तिचा दावा नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सुनावणीला आला. ज्या रंगीत प्लास्टिकच्या अस्वलांनी तेथील मुले अंक मोजायला शिकतात, ती अस्वले अशी राज्यघटनेच्या वादात जाऊन बसली.

येथे आम्हाला थोडे थांबून एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. ‘स्वस्त हस्तकला’ या नावाखाली गेली कित्येक वर्षे जे चालले होते, त्यातील बराचसा भाग हस्तकला नव्हता, खरेदी होती. रविवारच्या धर्मशिक्षणासाठी डझनावारी मिळणारे संच पाहावेत. त्यात कापलेले फोमचे मेंढरू असते, त्यावर चिकटवायचा कापूस असतो आणि मागे आयता डिंक लावलेला असतो. मुलाने कागद सोलायचा आणि चिकटवायचे. पाच मिनिटांत काम संपते, दुसऱ्या दिवशी मेंढरू केराच्या टोपलीत जाते. यात स्वस्त काय असेल तर दूरदेशीच्या कामगाराचे श्रम. चीनच्या झेजियांग प्रांतातील यिवू शहर नाताळच्या वस्तूंच्या उत्पादनासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तेथे ज्यांच्या हातून आपले तारे आणि देवदूत घडतात, त्यांना प्रभुजन्माची वार्ता कितपत ठाऊक असेल हे सांगणे कठीण आहे. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रात पोप फ्रान्सिस यांनी फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी जे बजावले, ते धर्मशिक्षणाच्या वर्गालाही लागू पडते, आणि त्यात आम्ही आमचे स्वतःचे वर्गही धरतो.

या बाबतीत घरशाळावाल्यांचाच एक जुना गुरू त्यांच्या साहाय्याला येतो. शार्लट मेसन (१८४२-१९२३) या इंग्लंडमधील अँग्लिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंची पुस्तके आजही अमेरिकेतील ख्रिस्ती घरशाळांत श्रद्धेने वाचली जातात. १८८६ साली निघालेल्या ‘होम एज्युकेशन’ या ग्रंथात त्यांनी हस्तकलेविषयी मोजकेच पण नेमके नियम सांगितले आहेत. मुलांना निरुपयोगी वस्तू करायला लावू नयेत. काय करायचे ते सावकाश व काळजीपूर्वक शिकवावे. गबाळे काम चालवून घेऊ नये. आणि म्हणूनच काम मुलाच्या आवाक्यातले निवडावे. नियमांचा हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आज आपण उलट वागतो. मुलाच्या गबाळ्या कामाचे तोंडभर कौतुक करतो आणि वस्तू निरुपयोगी असल्याने ती गुपचूप फेकून देतो. मूल मूर्ख नसते. आपण केलेली वस्तू कोणालाच नको आहे, हे त्याला कळते.

कॅथलिक परंपरेत याच विचाराला अधिक खोल अर्थ मिळाला. डॉ. मारिया माँटेसरी यांच्या बार्सिलोना येथील शाळेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुलांनी गहू पेरला आणि द्राक्षाचे वेल लावले. ज्या भाकरीतून आणि द्राक्षारसातून ख्रिस्तशरीर-संस्कार सिद्ध होतो, त्यांचा प्रवास मुलांनी मातीपासून पाहावा हा त्यामागील हेतू. पुढे १९५४ साली रोममध्ये सोफिया कावालेत्ती या हिब्रू भाषेच्या विदुषी आणि जान्ना गोब्बी या माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका यांनी ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ या नावाने आज ओळखली जाणारी पद्धत सुरू केली. तिच्यात लहान वेदी, लहान पेला, लाकडी मेंढवाडा, लाकडी मेंढपाळ व मेंढरे असतात. योहानच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय वाचून झाल्यावर मूल ती मेंढरे एकेक करून मेंढवाड्यातून बाहेर काढते आणि मेंढपाळाच्या मागे चालवते. साहित्य शक्यतो विकत न आणता धर्मशिक्षकांनी स्वतःच्या हातांनी बनवावे असा या पद्धतीचा आग्रह आहे. कापूस चिकटवलेले मेंढरू आणि हे लाकडी मेंढरू यांत खर्चाचा फरक फारसा नाही. पण दुसरे मेंढरू वर्षानुवर्षे टिकते, थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे जाते, आणि मूल त्याच्याबरोबर प्रार्थना करते.

पैशाच्या प्रश्नाने अमेरिकेत अलीकडे एक नवे वळण घेतले आहे. ॲरिझोना राज्याने २०११ साली मर्यादित स्वरूपात सुरू केलेली शिक्षण-खात्याची योजना २०२२ मध्ये सर्वच मुलांना खुली केली. जी मुले सरकारी शाळेत जात नाहीत, त्यांच्या पालकांना राज्याकडून दरवर्षी मुलामागे साधारणपणे सात हजार डॉलर मिळतात व त्यातून शिक्षणसाहित्य घेता येते. (कायद्याच्या काटेकोर भाषेत असे मूल ‘घरशाळेतील’ मानले जात नाही, पण व्यवहारात ते घरीच शिकते.) यातून लेगोचे महागडे संच, बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे पास अशी खरेदी झाल्याच्या बातम्या आल्या आणि मोठा गदारोळ उठला. घरशाळांच्या हक्कांसाठी १९८३ पासून झटणाऱ्या ‘होम स्कूल लीगल डिफेन्स असोसिएशन’ या संस्थेने मात्र सरकारी पैशाविषयी नेहमी सावधच भूमिका घेतली आहे. ज्याचा पैसा त्याचा शब्द, असे तिचे म्हणणे. आम्हाला यापुढे जाऊन असे वाटते की सात हजार डॉलर हाती असलेल्या आईला अंड्यांच्या ट्रेकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. गरज ही कल्पकतेची आई आहे हे वचन घासून गुळगुळीत झाले असले तरी खोटे ठरलेले नाही. अर्थात ज्या घरात गतिमंद किंवा अपंग मूल आहे, त्या घराला हा पैसा जीवनदायी ठरतो, आणि योजनेचा मूळ हेतू तोच होता. त्या पालकांना काटकसरीचे धडे देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

घरशाळांविषयीचा आमचा एक आक्षेपही येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. ख्रिस्ती मूल शेजाऱ्याबरोबर वाढले पाहिजे. ज्याची भाषा वेगळी, धर्म वेगळा, डबा वेगळा अशा मुलाच्या बाजूच्या बाकावर बसण्यात जे शिक्षण आहे, ते घरच्या जेवणाच्या टेबलावर मिळत नाही. शिवाय टेक्साससारख्या काही राज्यांत घरशाळा सुरू करताना शासनाला साधी सूचनाही द्यावी लागत नाही. एखाद्या घरात मुलाचे हाल होत असतील तर त्याच्याकडे पाहणारा शिक्षकाचा डोळाच उरत नाही. इलिनॉय राज्यात २०२५ मध्ये नोंदणी सक्तीची करणारे विधेयक आले, तर हजारो पालक राजधानीत येऊन धडकले आणि ते विधेयक त्या अधिवेशनात संमत झाले नाही. पालकांच्या हक्काचा आम्ही आदर करतो. परंतु नोंदणीच्या एका कागदाला इतके भिण्याचे कारण आम्हाला समजलेले नाही.

मग आपला याच्याशी काय संबंध? आपल्या मुलांना आपण शाळेतच पाठवणार आहोत, आणि पाठवावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क मिळाला, तो आपल्या पूर्वजांना मिळाला नव्हता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवून स्थानिक कारागिरांकडे जाण्याची वाट मोकळी केली, हेही स्वागतार्ह आहे. पण धर्मशिक्षण ही शाळेची जबाबदारी नाही, आणि रविवारच्या तासाभराच्या वर्गाने ते पुरे होत नाही. त्या अर्थाने आपले प्रत्येक घर घरशाळाच आहे. फक्त तेथे वर्ग भरतो की दूरचित्रवाणीची मालिका, एवढाच प्रश्न आहे.

आणि साहित्य स्वस्त कसे असावे हे शिकण्यासाठी आपल्याला अमेरिकेत जाण्याची गरज नाही. आमच्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे करून दाखवले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीचे मूळ साहित्य आदिवासी पाड्याला परवडणारे नव्हते. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, माती हेच त्यांनी शिक्षणाचे साहित्य केले. मुले येत नाहीत तर अंगण मुलांकडे नेले, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आपल्या दिवसांतील नाव घ्यायचे तर टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी घडवणारे आणि पुण्याच्या आयुका संस्थेत बराच काळ काम केलेले पद्मश्री अरविंद गुप्ता यांचे घ्यावे लागेल. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार उभे करण्याची त्यांची युक्ती इस्रायलच्या लोकांनी केलेल्या निवासमंडपाचा सांगाडा उभारायलाही उपयोगी पडते, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात अनुभवले आहे. निर्गम ग्रंथातील मापांचा कंटाळवाणा वाटणारा अध्याय मुलांनी त्या दिवशी आपणहून पुन्हा वाचला, कारण त्यांना फळ्या किती हव्यात ते मोजायचे होते.

एक जुनी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात नाताळच्या गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले होते. एका घरी थर्माकोलचा डोंगर, त्यातून वाहणारे विजेचे पाणी, लुकलुकणारे दिवे आणि शहरातून आणलेल्या रेखीव मूर्ती होत्या. गोठा पैसे देऊन बाहेरच्या कारागिराकडून करून घेतलेला होता. दुसऱ्या एका घरी, ओसरीच्या कोपऱ्यात, शेणाने सारवलेल्या पाटावर पेंढ्याचे छप्पर होते आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलीने मातीच्या मूर्ती केल्या होत्या. योसेफाचे एक कान मोठे झाले होते. मरियामातेने डोक्यावरून आपल्या आजीसारखे लाल लुगडे घेतले होते. बाळ मात्र नव्हते. चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत ते ठेवायचे नसते, असे त्या मुलीने आम्हाला ठासून सांगितले. आम्ही तिघा परीक्षकांनी पहिले बक्षीस थर्माकोलच्या डोंगराला दिले. त्या मुलीला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले. त्या निर्णयावर आमचीही सही आहे, आणि तिची आम्हाला आजही लाज वाटते.

पुढे २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आणली. जे काम आम्ही परीक्षकांनी करायला हवे होते, ते शासनाने केले असे म्हणावे लागेल. १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो येथे जाऊन गोठ्याविषयी एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकरांनी त्याच ठिकाणी पहिला जिवंत गोठा मांडला होता. नाताळपूर्वीच्या दिवसांत घरोघरी, कचेऱ्यांत, शाळांत, इस्पितळांत, तुरुंगांत गोठा मांडण्याची प्रथा टिकावी, आणि जेथे ती बंद पडली तेथे पुन्हा सुरू व्हावी, अशी इच्छा त्यात व्यक्त केली आहे. मिळेल त्या साहित्यातून, कल्पकतेने, आणि लहानपणी आईवडील व आजीआजोबा यांच्याकडून शिकून, हा त्या पत्रातील विचार आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. आजीला मोबाइलवरील चित्रे दाखवून चालणार नाही, तिच्याकडून पेंढ्याचे छप्पर विणून घ्यावे लागेल.

आगमन काळातील पुष्पचक्राचीही कथा अशीच आहे. १८३९ साली हॅम्बुर्ग येथील योहान हिन्रिक विकर्न या लुथेरन धर्मसेवकाने आपल्या आश्रमातील निराधार मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक लहान लाल आणि दर रविवारची एक मोठी पांढरी. नाताळ किती दिवसांवर आला हे विचारून मुले भंडावून सोडत म्हणून केलेला तो उपाय. कॅथलिक घरांत तो विसाव्या शतकात आला. आज त्याचे तयार चक्र दुकानात मिळते आणि आपण ते विकत घेतो.

इशायाचे झाड तर त्याहून सोपे. यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातील इशायाच्या बुंध्याला फुटलेल्या अंकुरावरून ते आले आहे. आंब्याची किंवा जांभळीची एक वाळकी फांदी कुंडीत उभी करावी. आगमन काळात रोज संध्याकाळी बायबलमधील एक प्रसंग वाचावा आणि त्याची खूण जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर काढून फांदीला टांगावी : आदाम-हव्वेचे फळ, नोहाचे तारू, याकोबाची शिडी, योसेफाचा रंगीत झगा, दाविदाची वीणा. नाताळपर्यंत वाळकी फांदी भरून जाते आणि मुलाच्या मनात जुन्या कराराचा क्रम पक्का बसतो. दोरीची गाठी-जपमाळ करायलाही पैसे लागत नाहीत. सुमारे सहा मीटर जाडसर दोरी पुरते. प्रत्येक मण्याच्या जागी दोरीचे तीन वेढे घेऊन गाठ ओढायची. नमो मरियेच्या ५३ आणि प्रभूच्या प्रार्थनेच्या ६ गाठी. पहिली दहा मण्यांची ओळ करताना मूल रडकुंडीला येते. तेथे त्याला सोडू नये आणि त्याच्या हातून घेऊन आपणही करू नये. ही जपमाळ अंत्यविधीत, आजारी माणसाच्या उशाशी, प्रवासात कोठेही तुटत नाही, म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. शार्लट मेसन बाईंचा पहिला नियम येथे पाळला जातो.

या सर्वांत वडील कोठे आहेत, हा प्रश्न अमेरिकेतील घरशाळांनाही विचारला पाहिजे आणि आपल्यालाही. तेथे सारा भार आईवर आहे; आपल्याकडे तो आई आणि धर्मशिक्षिका यांच्यावर आहे. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२० मध्ये संत योसेफाचे वर्ष घोषित करताना त्याला काम करणारा पिता म्हणून गौरवले. नाझरेथच्या त्या घरात बाळ येशूच्या हाती रंधा कोणी दिला असेल, हे सांगायला शुभवर्तमानाची गरज नाही. आपल्या वसईच्या घरांत सुतारकाम, बांबूकाम, जाळे विणणे ही कामे जाणणारे हात एकेकाळी प्रत्येक वाडीत होते. ते हात आता थकले आहेत आणि त्यांच्या मुलांना ती कामे कमीपणाची वाटू लागली आहेत.

आमच्या लहानपणी नाताळचा तारा घरीच होई. आता तो प्लास्टिकचा, घडीचा, चिनी बनावटीचा मिळतो आणि तीन पावसाळे सोडाच, एक नाताळही धड काढत नाही. ज्या पालकांना यंदा मुलांबरोबर काही करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी ती रीत येथे लिहून ठेवतो. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या तासून घ्याव्यात. पाच-पाच कामट्यांचे दोन पंचकोनी तारे बांधावेत. प्रत्येक कामटी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून गेली पाहिजे, म्हणजे तारा हलत नाही. दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाचही टोके सुताने घट्ट बांधावीत. मग मधल्या पाच छेदांवर वीतभर लांबीचे पाच तुकडे आडवे बसवावेत, की पोट फुगते आणि दिव्याला जागा होते. मैद्याची खळ शिजवून थंड झाल्यावर पतंगाचा कागद लावावा. खळ गरम असताना लावली तर कागद फाटतो. खालच्या बाजूला हात जाईल एवढी फट ठेवावी. आत जुन्या काळी पणती असे, आता छोटा एलईडी दिवा पुरतो. चाकू मुलाच्या हाती द्यावा आणि आपण शेजारी बसावे. कामट्या ओल्या बांबूच्या असतील तरच वाकतात, म्हणून बांबू नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणावा, त्याआधी आणून ठेवू नये.